मार्केझ आधी बातमीदार होता

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या रविवार पुरवणीत कोलंबियाचा कादंबरीकार गॅब्रिएल गार्सिया मार्केझवरचा पानभर लेख वाचला. लेख मनापासून लिहिलाय, त्याबद्दल लेखकाचं अभिनंदन. पण एका वाक्यापाशी मी अडलो. ‘सुरुवातीची काही वर्षं पोटापाण्यासाठी पत्रकारिता केल्यानंतर मार्केझ साहित्याकडे वळला’, असं ते वाक्य. त्यानंतर लेख थेट जादुई वास्तववादावर, म्हणजे अद्भुत गोष्टी रोजच्यासारख्या सांगायच्या त्याच्या शैलीवर जातो, तिथून नोबेलवर आणि मग क्युबाच्या फिडेल कॅस्ट्रोच्या मैत्रीवर. 1948 ते 1955 ही वर्षं त्या एका वाक्यात उरकली गेली. ज्या वर्षांत हा माणूस घडला, नेमकी तीच.

मी सांगोल्यात राहतो. उमेदीची सगळी वर्षं तालुका वार्ताहर म्हणून काढली. टँकर, चारा छावण्या, डाळिंबावरचा तेल्या रोग, रविवारचा जनावरांचा बाजार, पंचायत समितीची सभा, यात्रा, अपघात, निधनवार्ता, सगळं एकट्यानं. बातम्यांचं पाकीट संध्याकाळच्या एस.टी.नं सोलापूरला जायचं. कंडक्टरच्या हातात दिलं की त्या दिवसापुरतं सुटलो असं वाटायचं. निवृत्तीनंतर मुलीनं मार्केझच्या पत्रकारी लेखनाचा ‘द स्कँडल ऑफ द सेंच्युरी’ हा इंग्रजी संग्रह आणून दिला. त्यानंतर हाती लागेल ते सगळं वाचत गेलो. त्यामुळं हे पत्र लांबलंय. कापायचं तर माझ्याबद्दलचा मजकूर कापा. मार्केझच्या वर्तमानपत्री दिवसांबद्दलचा तेवढा राहू द्या.

9 एप्रिल 1948 ला कोलंबियाच्या राजधानीत, बोगोटा शहरात भर दुपारी, भर रस्त्यात लिबरल पक्षाचा लोकप्रिय नेता होर्हे एलिएसेर गाइतान याचा खून झाला आणि शहर पेटलं. एकवीस वर्षांचा मार्केझ तिथं कायदा शिकत होता. तो राहत होता ती इमारत आगीत सापडली, विद्यापीठ बंद झालं. तो किनाऱ्याकडं, कार्ताहेनाला आला. तिथं ‘एल युनिव्हर्सल’ नावाचं दैनिक मार्च महिन्यातच सुरू झालं होतं. 21 मे 1948 ला त्यात त्याचं पहिलं स्फुट आलं. विषय होता शहरातली संचारबंदी. आणीबाणीमुळं सरकारी सेन्सॉर रोज संध्याकाळी कचेरीत येऊन बसायचा आणि सगळा मजकूर त्याच्या नजरेखालून जायचा, अशा दिवसांतली ही सुरुवात.

त्या दैनिकाचा संपादकीय विभाग क्लेमेंते मान्वेल साबाला हा माणूस सांभाळायचा. साबालाच्या हातात लाल पेन्सिल असायची. मार्केझनं दिलेला मजकूर तो खोडायचा आणि दोन ओळींच्या मधल्या जागेत स्वतः नवी वाक्यं लिहायचा. मार्केझच्या तोपर्यंत दोन-तीन कथा बोगोटाच्या मोठ्या वर्तमानपत्रात छापून आल्या होत्या, म्हणजे तो काही अगदीच नवखा नव्हता. तरीही हे सगळं त्यानं मुकाट्यानं करू दिलं आणि शिकत गेला. साबालाचं नाव कोलंबियाबाहेर कुणाला माहीत नाही. ‘ऑफ लव्ह अँड अदर डेमन्स’ या 1994 च्या कादंबरीच्या प्रस्तावनेत मात्र त्याला जागा मिळाली आहे. 26 ऑक्टोबर 1949 हा दिवस बातम्यांच्या दृष्टीनं कोरडा होता. साबालानं त्याला सांता क्लारा या जुन्या मठात पाठवलं, कारण तिथली थडगी रिकामी केली जात होती. काही मिळतं का बघ म्हणून. एका थडग्यातून तांबूस केस बाहेर आले, मोजले तर बावीस मीटर अकरा सेंटीमीटर भरले, असं तो सांगतो. त्या केसांवर पंचेचाळीस वर्षांनी कादंबरी उभी राहिली. बातमी नसलेल्या दिवशी वार्ताहरानं कुठंतरी जाऊन यावं लागतं, हे आम्हा तालुक्यातल्या लोकांना कुणी सांगायची गरज नाही. पान रिकामं ठेवता येत नाही.

साबालाबद्दल वाचताना मला आमच्या सोलापूरच्या कचेरीतले एक ज्येष्ठ उपसंपादक आठवले. एकदा आमच्या भागात विहिरीचं काम चालू असताना यारीचा, म्हणजे दगडमाती वर ओढायच्या यंत्राचा, वायररोप तुटला आणि दोन मजूर दगावले. मी बातमी फोनवर दिली. पलीकडून प्रश्न सुरू झाले. विहीर किती परस (पुरुषभर) खोल? मजूर कुठल्या गावचे? मागं कोण आहे? यारी कुणाच्या मालकीची? वायररोप शेवटचा कधी बदलला होता? त्या शेवटच्या प्रश्नानं दुसऱ्या दिवशीची बातमी झाली, आणि ती पहिल्या दिवसाच्या बातमीपेक्षा मोठी होती. हे गृहस्थ कधी व्यासपीठावर दिसले नाहीत, त्यांच्या नावावर एक पुस्तक नाही. पण अशी माणसं प्रत्येक जिल्हा आवृत्तीत होती, आणि त्यांच्या हाताखालून गेलेला माणूस पुढं काहीही लिहो, त्याच्या लिहिण्यात ती दिसतात.

1949 संपता संपता मार्केझ बारांकियाला गेला. तिथल्या ‘एल एराल्दो’त 5 जानेवारी 1950 पासून त्याचं ‘ला हिराफा’, म्हणजे जिराफ, हे सदर सुरू झालं. उभ्या, चिंचोळ्या कॉलमात ते छापलं जाई. खाली नाव ‘सेप्टिमस’, व्हर्जिनिया वुल्फच्या कादंबरीतल्या पात्रावरून घेतलेलं. 1952 च्या अखेरीपर्यंत त्यानं अशी सुमारे चारशे सदरं लिहिली. एका सदराचे तीन पेसो मिळत. राहायला एका बदनाम गल्लीतली लॉजवजा खोली होती, तिचं एका रात्रीचं भाडं दीड पेसो. खिशात पैसे नसले की दारावरच्या माणसाकडं तो आपल्या कादंबरीचं हस्तलिखित तारण ठेवायचा आणि पैसे आले की सोडवून घ्यायचा. ती ‘लीफ स्टॉर्म’ ही त्याची पहिली कादंबरी; 1955 मध्ये प्रसिद्ध झाली. कचेरीतलं काम संपून बाकीचे घरी गेले की तो तिथंच बसून ती लिहायचा. छपाईसाठी अक्षरं जुळवणाऱ्या लायनोटाइप यंत्रांचा आवाज त्याला पावसासारखा वाटायचा. यंत्रं थांबली की लिहिणं थांबायचं, असं त्यानंच पुढं एका मुलाखतीत सांगितलंय. वर्तमानपत्राच्या कचेरीत रात्र काढलेल्या कुणालाही हे वाचून भरून येईल. ‘पोटापाण्यासाठी’ या शब्दात हे कसं बसवायचं?

मार्च 1950 मधल्या एका सदराबद्दल सविस्तर लिहितो, म्हणजे काय दर्जाचं काम चाललं होतं ते कळेल. राष्ट्राध्यक्ष ओस्पिना पेरेस बोगोटा ते मेदेयिन थेट दूरध्वनी सेवेचं उद्घाटन करतायत, असा फोटो सरकारधार्जिण्या वर्तमानपत्रांत आला होता. भोवती दहा-पंधरा टेलिफोन मांडलेले. असे फोटो आपणही रोज छापतो. ओळी लिहायच्या आणि पान सोडायचं. मार्केझ त्या फोटोत चेहरा बघत बसला. चेहरा गुळगुळीत दाढी केलेला होता. मग त्याच्या मनात प्रश्न आला की ही दाढी कुणी केली? आणि पुढचं सगळं सदर त्या न दिसणाऱ्या न्हाव्यावर आहे. राष्ट्राध्यक्षाच्या हनुवटीवरून धारदार पातं फिरवायची लोकशाहीतली मोकळीक अख्ख्या देशात या एकाच नागरिकाला आहे, असं तो लिहितो. सकाळी दाढी करता करता न्हावी काय बोलत असेल, राष्ट्राध्यक्ष त्याला काय विचारत असतील, याची कल्पना करत तो पुढं जातो. ज्या राष्ट्राध्यक्षानं चारच महिन्यांपूर्वी संसद बंद करून वर्तमानपत्रांवर सेन्सॉर बसवला होता, त्याच्या गळ्याशी त्यानं सदरातून वस्तरा नेला, आणि सेन्सॉरला लाल रेघ मारायला एक शब्द सापडला नसावा. ओळ अन् ओळ निरुपद्रवी. तीन पेसोंचं सदर होतं हे.

याच सदरात, त्याच वर्षी, ‘कर्नलची मुलगी’ अशासारख्या शीर्षकांखाली एका न लिहिलेल्या कादंबरीचे तुकडे येत होते. बारांकियाच्या मित्रांनी मिळून ‘क्रोनिका’ नावाचं साप्ताहिक काढलं होतं, त्यात जून 1950 मध्ये ‘बुएंदियांचं घर’ हे टिपण आलं, ‘एका कादंबरीसाठी टिपणं’ अशा उपशीर्षकासह. ज्या बुएंदिया घराण्यामुळं मार्केझ जगाला माहीत झाला, ती कादंबरी 1967 ची. म्हणजे सतरा वर्षं आधी ते घराणं एका गावपातळीवरच्या साप्ताहिकाच्या पानावर येऊन बसलं होतं. आपल्या लेखात ‘वन हंड्रेड इयर्स ऑफ सॉलिट्यूड’वर चार परिच्छेद आहेत. हा एक तपशील तिथं हवा होता.

1954 च्या सुरुवातीला तो बोगोटाच्या ‘एल एस्पेक्तादोर’मध्ये पगारी नोकर म्हणून लागला, महिना नऊशे पेसो. तिथं होसे साल्गार हा वृत्तसंपादक भेटला. हंसाची मान मुरगाळ, असं साल्गार त्याला सारखं सांगायचा. म्हणजे नटवी भाषा सोड आणि बातमी सांग. जुलै 1954 मध्ये मेदेयिनजवळ दरड कोसळून मोठी जीवितहानी झाली. मार्केझ तिथं पोचला तेव्हा घटनेला दिवस लोटले होते, बातम्या छापून झाल्या होत्या. हॉटेलच्या खोलीत बसून हे आपल्याला जमणार नाही, परत जावं, असं त्याच्या मनात आलं होतं. मग तो उठून लोकांशी बोलायला गेला आणि एक गोष्ट समोर आली: मेलेल्यांतले बहुतेक जण पहिल्या दरडीखाली सापडलेच नव्हते. पहिल्या दरडीतल्या लोकांना काढायला म्हणून ते धावून आले, आणि मग दुसरी दरड आली. ही माणसं मदतीला आलेली होती हे त्यानं छापलं. आकड्यामागचं कारण त्यानं शोधलं. वायररोप कधी बदलला होता, हाच तो प्रश्न.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये किब्दोचं प्रकरण झालं, आणि त्याबद्दल मला स्पष्ट बोलायचंय. किब्दो हे चोको प्रांताचं मुख्य गाव. हा प्रांत मोडून शेजारच्या प्रांतांत वाटायचा सरकारचा बेत होता. तिथला वार्ताहर रोज तारा करत होता की लोक रस्त्यावर उतरलेत. मार्केझ फोटोग्राफर घेऊन हालअपेष्टा सोसत पोचला, तर गाव सुस्त पडलेलं आणि वार्ताहर झोळीच्या झोपाळ्यात पडलेला. निदर्शनं झालीच नव्हती. मग रिकाम्या हातानं परत जायचं नाही म्हणून ढोल वाजवून लोक जमवले, फोटो काढले, आणि त्यानंतर खरोखरीचीच निदर्शनं सुरू झाली. हा किस्सा त्यानं स्वतः पुढं रंगवून सांगितला आणि त्याचे चाहते तो कौतुकानं सांगतात. मला तो कौतुकाचा वाटत नाही. गर्दी जमवून तिचा फोटो काढणं ही फसवणूक आहे, मग करणारा नोबेलवाला असला तरी. मात्र त्याच फेरीतून त्यानं चोकोवर जी लेखमाला लिहिली, ती रस्ते नसलेल्या, सतत पावसात भिजणाऱ्या, सोनं निघूनही दरिद्री राहिलेल्या मुलखाबद्दल आहे आणि ती अस्सल आहे. एकाच माणसानं एकाच आठवड्यात दोन्ही केलं. पुढं 1996 मध्ये लॉस एंजेलिसला वर्तमानपत्रांच्या मालक-संपादकांपुढं बोलताना तो म्हणाला की माशीबरोबर जशी तिची गुणगुण, तशी पत्रकारितेबरोबर नीती कायम असली पाहिजे. किब्दोचा फोटो त्याच्या मनात होता की नाही कोण जाणे, पण हे सांगायचा अधिकार त्यानं मधल्या चाळीस वर्षांत कमावला होता, असं मी मानतो.

त्यातली सगळ्यात मोठी कमाई 1955 ची. 28 फेब्रुवारीला ‘काल्दास’ या कोलंबियाच्या विनाशिकेवरून आठ खलाशी समुद्रात फेकले गेले. जहाज अमेरिकेतल्या मोबिल बंदरातून कार्ताहेनाला परत येत होतं. वादळात सापडलं, असं सरकारनं जाहीर केलं. दहा दिवसांनी त्यातला एक जण, वीस वर्षांचा लुइस अलेहांद्रो वेलास्को, तराफ्यावरून किनाऱ्याला लागला. सगळ्या देशानं त्याला डोक्यावर घेतलं. घड्याळाच्या आणि बुटांच्या जाहिरातीत त्याचा फोटो आला. तो आपली कहाणी विकायला ‘एल एस्पेक्तादोर’च्या कचेरीत आला तेव्हा ती इतक्या ठिकाणी छापून झाली होती की त्यात काही उरलं नाही, असं सगळ्यांचं मत पडलं. तो परत निघाला होता. संपादक गियेर्मो कानो याच्या मनात काय आलं कुणास ठाऊक, त्यानं त्याला जिन्यात गाठून परत आणलं आणि मार्केझच्या पुढ्यात बसवलं.

वीस बैठका झाल्या, रोज सहा तास. मार्केझ टिपणं घेत होता आणि मध्येच फसवे प्रश्न टाकत होता, बोलण्यात विसंगती सापडते का ते बघायला. चौथ्या दिवशी त्यानं सहज म्हटलं, आता त्या वादळाचं वर्णन कर. वेलास्को हसला. वादळ नव्हतंच, म्हणाला.

इथं मी पुस्तक खाली ठेवलं होतं. ज्यांनी ज्यांनी ही बातमी छापली, त्या सगळ्यांनी सरकारी पत्रकातलं वादळ छापलं होतं. हवामान खात्याकडून त्या दिवशी समुद्र कसा होता हे विचारायचं कुणाला सुचलं नव्हतं. ‘एल एस्पेक्तादोर’नं विचारलं, आणि खलाशाचं बोलणं खरं निघालं. जहाजाच्या डेकवर फ्रिज, टीव्ही, धुलाई यंत्रं असा चोरटा माल बांधलेला होता. वाऱ्यानं जहाज कललं, माल सुटला आणि त्याबरोबर माणसं गेली. युद्धनौकेवर असा माल न्यायला मनाईच असते. त्यात वजन इतकं की जहाजाला वळून माणसं उचलता येईनात. चौदा भागांत ही मालिका छापली गेली, प्रथमपुरुषी, खलाशाच्या नावानं. मार्केझचं नाव कुठंच नव्हतं. खप जवळपास दुप्पट झाला. चुकलेले अंक मिळवायला लोक कचेरीबाहेर गर्दी करू लागले. हुकूमशहा रोहास पिनियाच्या सरकारनं इन्कार केला, तेव्हा वर्तमानपत्रानं जहाजावरच्या इतर खलाशांकडून फोटो मिळवून विशेष पुरवणी काढली. फोटोत हसणारी पोरं आणि मागं खोकी, खोक्यांवर कारखान्यांची नावं वाचता येतील अशी.

किंमत सगळ्यांनी मोजली. वेलास्कोनं शब्द फिरवला नाही म्हणून त्याला नौदल सोडावं लागलं, आणि काही वर्षांनी तो एका बस कंपनीत टेबलामागं काम करताना सापडला. मार्केझला जुलै 1955 मध्ये जिनिव्हाच्या परिषदेसाठी बाहेर पाठवण्यात आलं. पुढं दैनिकच बंद पडलं आणि तो पॅरिसमध्ये अडकला. 1970 मध्ये ही मालिका पुस्तकरूपात आली तेव्हा पहिल्यांदा त्यावर मार्केझचं नाव लागलं, आणि मानधनाचे हक्क त्यानं वेलास्कोला देऊन टाकले. पुढं दोघांचं बिनसलं, प्रकरण कोर्टात गेलं, तेही खरं आहे. पण पंधरा वर्षं स्वतःचं नाव न लावता ठेवलेलं हे काम आहे. मी ते त्याच्या कुठल्याही कादंबरीइतकंच मोठं मानतो. त्यात वेलास्को तराफ्यावर वेळ मोजतो, शार्क पाच वाजता येतात, घड्याळाकडं बघितलं की भीती वाढते. सगळं साध्या वाक्यांत. हंसाची मान मुरगाळल्यावर जे उरतं ते.

मार्केझच्या कादंबऱ्यांत अद्भुत गोष्टी घडतात आणि त्या खऱ्या वाटतात, याचं गूढ आपल्या लेखात लॅटिन अमेरिकेच्या ‘मातीत’ शोधलंय. मार्केझनं स्वतः दिलेलं उत्तर फार सरळ आहे. 1981 मध्ये छापून आलेल्या मुलाखतीत तो म्हणतो, आकाशात हत्ती उडतायत असं सांगितलंत तर कुणी विश्वास ठेवणार नाही. चारशे पंचवीस हत्ती उडतायत म्हणा, लोक बहुधा मानतील. ही पत्रकारितेतली युक्ती आहे, असं तो तिथं मान्य करतो. त्याच मुलाखतीत तो असंही सांगतो की बातमीत एक गोष्ट खोटी निघाली तर सगळी बातमी जाते, आणि कथेत एक गोष्ट खरी असली तर सगळी कथा उभी राहते. विहीर किती परस हे ज्याला रोज विचारलं गेलंय, त्याला हे वेगळं शिकावं लागत नाही.

आणखी एक. 22 जानेवारी 1951 ला सुक्रे गावात त्याच्या घरच्यांच्या ओळखीतल्या एका तरुणाचा भरदिवसा खून झाला. खून होणार हे गावाला आधी कळलं होतं. मार्केझ तेव्हा बारांकियात सदर लिहीत होता आणि त्याला त्यावर लगेच लिहायचं होतं. आईनं अडवलं; त्या घरातली माणसं हयात आहेत, त्यांना दुखवू नकोस म्हणाली. तो तीस वर्षं थांबला. 1981 मध्ये ‘क्रॉनिकल ऑफ अ डेथ फोरटोल्ड’ आली तेव्हा तिचा निवेदक गावात परत जाऊन एकेकाला भेटतो, पहाटे पाऊस होता की नव्हता हे विचारतो आणि दर माणसागणिक वेगळं उत्तर घेऊन येतो. घटनास्थळी दहा माणसांना विचारून दहा उत्तरं घेऊन परतलेल्या वार्ताहराचीच ही कादंबरी आहे.

मराठीत हे नवीन नाही, म्हणून लेखातलं ते वाक्य जास्त लागलं. अरुण साधूंनी मंत्रालयाच्या जिन्यांवर बातमीदारी केली म्हणून ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ झाल्या; ‘सिंहासन’मधला दिगू टिपणीस पत्रकार आहे तो उगाच नाही. साधू आयुष्यभर दोन्ही कामं एका मानानं करत राहिले आणि पुढं पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये पोरांना बातमी शिकवायला बसले. मार्केझनंही नोबेलनंतर कार्ताहेनात पत्रकारांसाठी संस्था काढली आणि सत्तरीच्या उंबरठ्यावर ‘न्यूज ऑफ अ किडनॅपिंग’ हा अपहरणांवरचा बातमीदारीचाच ग्रंथ लिहिला. ज्या कामातून तो सुटला असं आपला लेख म्हणतो, तिथंच तो परत परत येत राहिला.

आता जी विनंती करण्यासाठी हे सगळं लिहिलं ती. ‘ला हिराफा’ची चारशे सदरं आज आपल्याला वाचता येतात ती जाक जिलार नावाच्या एका फ्रेंच प्राध्यापकामुळं. तो 1970 च्या दशकात कोलंबियाला जाऊन किनाऱ्यावरच्या दैनिकांच्या जुन्या फायली उलटत बसला. मजकूर काढला, टोपणनावाचा आणि बिननावाचाही ताडून पाहिला, आणि 1981 मध्ये पहिला खंड छापला. पुढच्या दोन वर्षांत आणखी खंड आले. मार्केझकडं स्वतःची कात्रणं नव्हती असं मी म्हणत नाही, पण इतकं सगळं मिळालं ते कुणीतरी रोजचा अंक बांधून ठेवला होता म्हणून. बारांकिया आणि कार्ताहेना ही राजधानीपासून दूरची शहरं. तिथल्या स्थानिक पानांची फाइल टिकली.

आपल्याकडं काय टिकलंय? मी ज्या दैनिकासाठी लिहीत होतो त्याचं नाव घेत नाही. त्याचं जिल्हा कार्यालय एका इमारतीतून दुसरीत हलवलं तेव्हा स्थानिक पुरवण्यांच्या बांधीव फायली रद्दीत गेल्या. मुख्य अंकाची फाइल पुण्या-मुंबईला असते, ग्रंथालयांतही मिळते. तालुक्याचं पान मात्र जिल्ह्याबाहेर जातच नाही, म्हणून ते कुठंच उरत नाही. 1972 चा दुष्काळ, रोजगार हमीच्या कामांवरचे मजूर, छावणीतली जनावरं, माणदेशातून शहरात गेलेली कुटुंबं, हे सगळं गावोगावच्या वार्ताहरांनी नावानिशी, आकड्यांनिशी लिहिलेलं होतं. बहुतेकांना कॉलमाच्या सेंटिमीटरवर मानधन मिळायचं, काहींना तेही नाही. त्यांच्यातल्या कुणी रात्री वहीत कथा लिहिली असेल, कुणाच्या सदरात एखाद्या कादंबरीचे तुकडे येऊन गेले असतील. ते शोधायला उद्या एखादा अभ्यासक सोलापूरला आला तर त्याच्यापुढं ठेवायला आपल्याकडं काय आहे?

आपल्या दैनिकाची जिल्हा आवृत्ती बरीच जुनी आहे आणि तिच्या फायली सोलापूरच्या कार्यालयात माळ्यावर आहेत, असं मला तिथल्या जुन्या सहकाऱ्यांकडून समजलं. त्या खाली काढून, धूळ झटकून स्कॅन कराव्यात. एकदम सगळ्या शक्य नसतील तर दुष्काळी वर्षांपासून सुरुवात करावी, कारण त्या काळचा कागद आधी तुटेल. स्कॅन झालेली पानं जिल्ह्याच्या ग्रंथालयात आणि विद्यापीठात ठेवावीत. प्रत्येक तालुक्यातल्या हयात वार्ताहरांना बोलावून बिननावाच्या बातम्या कुणाच्या, हे त्यांच्याकडून लिहून घ्यावं. आम्हाला एकमेकांची वाक्यं ओळखू येतात. आमच्या तालुक्यापुरतं हे काम मी करायला तयार आहे. माझ्याकडं कात्रणांच्या दोन पेट्या आहेत, त्याही देतो. पावसाळा सुरू व्हायच्या आत कळवलंत तर बरं, त्या माळ्याचं छत पत्र्याचं आहे.

आपला नियमित वाचक,
एक निवृत्त तालुका वार्ताहर,
सांगोला, जि. सोलापूर